अकलोलीची कुंडे, ट्रॉम्बेच्या चकत्या आणि रुग्णाची किरणमात्रा

भिवंडी–वाडा रस्त्यावरील अंबाडी नाक्यावरून वज्रेश्वरीच्या दिशेने वळल्यावर तानसा नदीच्या काठी अकलोली हे गाव लागते, आणि नदीपात्रालगत बांधून काढलेली गरम पाण्याची कुंडे हीच या गावाची दूरवरची ओळख आहे. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेशी ज्या देवीची आख्यायिका जोडली गेली आहे, त्या वज्रेश्वरीच्या दर्शनाला येणारा भाविक येथील कुंडांत अंग शेकून घेतो. त्वचेचे विकार, सांधेदुखी आणि वाताची दुखणी या पाण्याने हटतात, अशी श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरनेही वज्राबाईच्या परिसरातील या उष्ण कुंडांची नोंद घेतली आहे. अकलोली आणि गणेशपुरीपासून सातिवली, पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडील उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातील तुरळ व आरवली अशी ही झऱ्यांची रांग थेट राजापूरपर्यंत जाते, आणि अशा झऱ्याला कोकणात ‘उन्हाळे’ म्हणतात, म्हणून यांतील कित्येक गावांची नावेच त्या उष्णतेवरून पडलेली आहेत.

दवाखान्यात छातीचा किंवा कमरेचा फोटो काढताना रुग्णाच्या अंगावर किती किरण पडतात, याचा अंदाज बांधण्याच्या शास्त्राचा इतिहास लिहिताना अशा उन्हाळ्यांपासून आरंभ करणे प्रथमदर्शनी आडवाटेचे वाटेल. तथापि मुंबई इलाख्यात किरणोत्साराचे मोजमाप ज्या ठिकाणी अगदी सुरुवातीला झाले, त्यांत गरम पाण्याचे झरे होते, आणि त्या मोजमापामागील तत्त्व पुढे क्ष-किरणांच्या मोजणीच्या मुळाशी राहिले. खडकांत सर्वत्र अल्पांशाने असलेल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन हा वायू तयार होतो. जमिनीच्या भेगांतून खोल उतरून तापलेले पावसाचे पाणी पुन्हा वर येताना हा वायू कमीअधिक प्रमाणात बरोबर आणते. ज्या बेसाल्टी खडकात अकलोलीची कुंडे आहेत, त्यात ग्रॅनाइटच्या तुलनेने युरेनियम कमी असते. तरीही भूजल म्हटले की त्यात थोडाफार रेडॉन असायचाच. विसाव्या शतकाच्या आरंभी जे. जे. टॉमसन यांनी विहिरींच्या पाण्यात किरणोत्सार दाखवून दिल्यावर युरोपातील स्नानतीर्थांची कीर्ती या नव्या शोधाशी जोडली गेली, झऱ्यातील रेडॉन मोजण्यासाठी व्हिएन्नाच्या हाइनरिख माखे यांच्या नावाचे एककही रूढ झाले, आणि परंपरेने गुणकारी मानलेले पाणी किरणोत्सारामुळेच गुणकारी असावे, असा समज जगभर पसरला.

याच लाटेत मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील जेझुइट प्राध्यापक फादर स्टाइखेन यांनी उष्ण झऱ्यांच्या किरणोत्साराचा अभ्यास केला, आणि तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या पंचमहालातील टुवा येथील झऱ्यांमधील किरणोत्साराच्या चढउतारांवरील त्यांचा निबंध १९१६ मध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ या लंडनच्या नियतकालिकात छापून आला. असे मोजमाप त्या काळी विद्युत्‌दर्शकाने होत असे. बंद डबीत टांगलेल्या सोन्याच्या वर्खाच्या दोन पानांना विद्युत्‌भार दिला की ती एकमेकांपासून दूर जातात. डबीतील हवा कोरडी आणि शुद्ध असेल तर ती बराच वेळ तशीच राहतात, परंतु झऱ्याच्या पाण्यातून हलवून काढलेला रेडॉन आत सोडला की त्याच्या किरणांनी हवेच्या रेणूंचे भारित कणांत, म्हणजे आयनांत, विभाजन होते, भार गळू लागतो आणि पाने हळूहळू मिटतात. पाने मिटण्याचा वेग सूक्ष्मदर्शकातून घड्याळ लावून पाहिला की किरणोत्साराचे माप मिळते. रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा होत असल्याने बाटली भरल्याची वेळ आणि मोजणीची वेळ यांतील अंतर हिशेबात धरावे लागे. झरा मुंबईपासून जितका दूर, तितकी ही दुरुस्ती मोठी. डोळ्यांना न दिसणारी, त्वचेला न जाणवणारी गोष्ट हवेवरील तिच्या परिणामावरून ओळखायची, ही पद्धत येथे पक्की झाली.

क्ष-किरणांच्या बाबतीत मात्र ही पद्धत स्वीकारली जाण्यास वेळ लागला, आणि त्या विलंबाची किंमत माणसांच्या कातडीने मोजली. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटगेन यांना या किरणांचा शोध लागल्यानंतर काही महिन्यांतच ते डॉक्टरांच्या हाती आले. पण किती किरण दिले हे सांगण्याचे कोणतेच साधन नव्हते, म्हणून त्वचा लाल होईपर्यंतची मात्रा हेच माप मानले गेले. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली १९०४ मध्ये या किरणांच्या जखमांनी मरण पावले, आणि त्यांच्यासारख्या डॉक्टरांची, तंत्रज्ञांची व परिचारिकांची स्मृती जपणारा स्तंभ १९३६ मध्ये हॅम्बुर्गमध्ये उभारला गेला. १९०४ मध्येच पॅरिसच्या साबुरो आणि न्वारे यांनी बेरियम प्लॅटिनोसायनाइडची टिकली वापरात आणली. ती त्वचा व नळी यांच्या निम्म्या अंतरावर ठेवत आणि तिचा हिरवट रंग ठराविक तपकिरी छटेपर्यंत पोहोचला की थांबत. रंगाची पारख अखेर पाहणाऱ्याच्या नजरेवर आणि खोलीतील उजेडावर अवलंबून असल्याने एका दवाखान्याचे माप दुसऱ्याशी जुळत नसे. शेवटी १९२८ मध्ये स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हवेच्या आयनीकरणावर आधारलेले ‘राँटगेन’ हे एकक मान्य झाले, म्हणजे ठराविक तापमान व दाब असलेल्या एक घन सेंटिमीटर हवेत किरणांनी किती विद्युत्‌भार मोकळा केला, ते माप ठरले. सोन्याच्या पानांची ती डबीच जणू जगमान्य झाली. आज वापरात असलेले ‘ग्रे’ हे एकक एक किलो पदार्थात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली असे सांगते. ते १९७५ मध्ये आले, आणि रुग्णाच्या साध्या फोटोत त्याचा हजारावा भाग, म्हणजे मिलिग्रे, पुरतो.

भारतात क्ष-किरण यंत्र पोहोचायला उशीर झाला नाही. १८९७ च्या तिराह मोहिमेत वायव्य सरहद्दीवर सर्जन-मेजर बीव्हर यांनी जखमी सैनिकांच्या शरीरातील गोळ्या शोधण्यासाठी ते वापरले होते. रुग्णाला दिलेली मात्रा काटेकोरपणे मोजण्याची निकड मात्र प्रथम निदानात भासली नाही, उपचारात भासली. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात कर्करोगाच्या गाठीला किरण देताना मात्रा कमी पडली तर गाठ उरते आणि जास्त झाली तर निरोगी पेशी जळतात, म्हणून तेथे भौतिकशास्त्रज्ञाला डॉक्टरच्या बरोबरीने स्थान मिळाले. मेरी क्युरी यांच्याकडे शिकलेले डॉ. रामय्या नायडू यांनी तेथे रेडॉन संयंत्र चालवले. रेडियममधून निघणारा वायू काढून तो सूक्ष्म नळ्यांत भरायचा आणि त्या गाठीत रोवायच्या, अशी ती उपचारपद्धत होती. झऱ्याच्या पाण्यात ज्याचे गुण गायिले जात होते तोच हा वायू, पण परळला तो मोजूनमापून दिला जात होता. आणि दरम्यानच्या काळात अमेरिकेत रेडियमयुक्त पाणी औषध म्हणून पिणाऱ्या एबेन बायर्स यांच्या १९३२ मधील मृत्यूने मोजमापाविना किरणोत्सार घेण्याचे परिणाम जगासमोर आणले होते. निदानासाठीच्या फोटोला मात्र कोणी ‘मात्रा’ मानतच नव्हते. फोटो चांगला आला की काम झाले. किती किरण लागले हा प्रश्न फिल्म आणि नळी यांच्या खर्चापुरता उरे.

ही उपेक्षा क्षयरोगाच्या काळात सर्वांत मोठ्या प्रमाणावर दिसून आली. ठाणे जिल्ह्याच्या या भागात, आणि विशेषतः भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या दाट वस्तीत, खोकला लांबला की छातीचा फोटो हे समीकरण पक्के बसले. त्याआधी ‘स्क्रीनिंग’ची पद्धत चालत असे: डॉक्टर अंधाऱ्या खोलीत, डोळे अंधाराला सरावावेत म्हणून लाल काचांचा चष्मा आधी बराच वेळ घालून, रुग्णाला नळी आणि चमकणारा पडदा यांच्यामध्ये उभे करत आणि फुप्फुसांची हालचाल प्रत्यक्ष पाहत. फिल्मचा खर्च वाचे, पण पडदा पुरेसा उजळण्यासाठी किरण सतत चालू ठेवावे लागत. अमेरिकेतील मानकांनी अशा तपासणीसाठी मिनिटाला १० राँटगेन ही कमाल सीमा घातली होती, आणि ती पाळली तरी एका मिनिटात त्वचेला सुमारे ९० मिलिग्रे मिळत, जे आजच्या शेकडो छातीच्या फोटोंच्या बरोबरीचे आहे. कृत्रिमरीत्या फुप्फुस मिटवण्याचा उपचार घेणाऱ्या क्षयरुग्णांना असे स्क्रीनिंग वारंवार करावे लागे. कॅनडातील नोव्हा स्कोशिया येथे अशा स्त्रियांमध्ये स्तनांचा कर्करोग अधिक आढळल्याची नोंद १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि ‘नुसते पाहण्या’लाही मात्रा असते हे त्यातून समजले. पडद्यावरील प्रतिमेचे छोट्या फिल्मवर छायाचित्र घेण्याची ब्राझीलच्या मॅन्युएल द आब्रेऊ यांची १९३६ मधील युक्ती स्वस्त आणि झटपट असल्याने जगभर रूढ झाली, आणि १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या क्षयरोगाच्या राष्ट्रीय पाहणीत तिचाच आधार घेतला गेला. या पाहणीने देशातील क्षयाचे खरे चित्र प्रथमच समोर ठेवले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु छोट्या फिल्मच्या फोटोला मोठ्या फिल्मच्या कित्येक पट किरण लागत, आणि १९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने अशा सरसकट फोटोंची मोहीम थांबवावी, असे सुचवले.

रुग्णाची मात्रा हा स्वतंत्र विषय आहे, हे जगाच्या लक्षात आले ते १९५६ मध्ये. त्या वर्षी ऑक्सफर्डच्या ॲलिस स्टुअर्ट यांनी गरोदरपणी पोटाचा फोटो काढलेल्या मातांच्या मुलांमध्ये कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे प्रथम दाखवले आणि १९५८ मध्ये ते सविस्तर मांडले. आरंभी त्यांच्यावर मोठा अविश्वास दाखवला गेला, पण पुढील अभ्यासांत त्यांचे म्हणणे टिकून राहिले. अणुचाचण्यांच्या धास्तीतून १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्थापन केलेल्या वैज्ञानिक समितीत भारत आरंभापासून सदस्य होता, आणि या समितीच्या १९५८ च्या अहवालात मानवनिर्मित किरणांच्या स्रोतांत वैद्यकीय फोटोंचा वाटा मोठा असल्याचे स्पष्टपणे दिसले. त्या काळी भीती मुख्यतः आनुवंशिक दोषांची होती, म्हणून मोजणी जननग्रंथींना किती किरण पोहोचतात यावर केंद्रित झाली. छातीच्या फोटोत त्या ग्रंथींना फारसे काही पोहोचत नसल्याने छातीची बाजू काहीशी दुर्लक्षित राहिली.

महाराष्ट्रात या विषयाचे घर ट्रॉम्बे येथे झाले. ३ जानेवारी १९५४ रोजी तेथे स्थापन झालेल्या अणुऊर्जा आस्थापनेने, जिला १९६७ मध्ये भाभा अणु संशोधन केंद्र हे नाव मिळाले, क्ष-किरण विभागांत काम करणाऱ्यांसाठी प्रथम फिल्मचे बिल्ले पुरवले. फिल्म ओलाव्याने आणि उष्णतेने बिघडे, आणि कोकणातील पावसाळ्यात ती टिकवणे अवघडच होते. त्यामुळे १९७० च्या दशकात ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चूर्णाच्या चकत्या तयार केल्या. जिप्समच्या कुळातील या संयुगात किरणांची ऊर्जा स्फटिकाच्या दोषांमध्ये अडकून राहते; पुढे त्याला सुमारे २२० ते २४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की अडकलेली ऊर्जा क्षणभराच्या प्रकाशरूपाने सुटते, आणि तो प्रकाश मोजला की मागे किती किरण पडले ते कळते. या गुणधर्माला तापदीप्ती म्हणतात. टेफ्लॉनमध्ये चूर्ण मिसळून केलेली चकती १३.२ मिलिमीटर व्यासाची आणि ०.८ मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे सदऱ्याच्या बटणाहून थोडी मोठी. निकेलचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर अशा तीन चकत्या बसवतात, आणि त्यांपैकी एकीवर धातूचे, दुसरीवर प्लास्टिकचे आच्छादन असते, तर तिसरी उघडी राहते. तिन्हींच्या प्रकाशाची तुलना केली की किरण कोणत्या जातीचे व किती भेदक होते, हेही ओळखता येते. क्ष-किरण तंत्रज्ञाच्या छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत, हा बिल्ला असतो. तो ठराविक काळाने प्रयोगशाळेत जातो, त्याची नोंद राहते, आणि वर्षानुवर्षांची बेरीज त्या माणसाच्या नावे जमा होते. १९७१ च्या किरणसंरक्षण नियमांनी आणि त्यांच्या जागी २००४ मध्ये आलेल्या नव्या नियमांनी या व्यवस्थेला कायद्याचे बळ दिले. कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने दरवर्षी २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षी ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा भारतात लागू आहे. सिव्हर्ट हे एकक ग्रेमध्ये मोजलेल्या मात्रेला किरणांची जात आणि अवयवाची नाजुकता यांचे भार देऊन मिळते.

त्याच खोलीत, त्याच नळीसमोर छाती उघडी करून उभ्या असलेल्या रुग्णाकडे असा बिल्ला नसतो आणि त्याच्या नावे कोणतीही बेरीज जमा होत नाही. या विषयाच्या इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाची विषमता आहे, आणि तिच्यामागे काही तर्क आहे हेही मान्य केले पाहिजे. कर्मचाऱ्याला किरणांपासून व्यक्तिशः काहीच लाभ नसतो, म्हणून त्याच्या मात्रेला कायदेशीर कमाल सीमा घालता येते. रुग्णाला लाभ असतो, आणि तुटलेले हाड किंवा पाणी भरलेले फुप्फुस पाहण्यासाठी लागणारे किरण एखाद्या वार्षिक सीमेमुळे नाकारले गेले तर त्याचेच नुकसान होईल. म्हणून रुग्णासाठी सीमा नसावी हे तत्त्व योग्यच आहे. परंतु सीमा नाही म्हणून मोजणीही नाही, असा अर्थ व्यवहारात अनेक ठिकाणी घेतला गेला, आणि एकाच प्रकारच्या फोटोला एका केंद्रात दुसऱ्याच्या अनेक पट किरण लागत असल्याचे जगभरच्या पाहण्यांतून उघड होईपर्यंत तो तसाच चालू राहिला.

रुग्णाच्या मात्रेचा अंदाज बांधण्याची सर्वांत सुलभ रीत आकडेमोडीची आहे, आणि ती कोणत्याही तालुक्याच्या गावातील एक्स-रे केंद्राला जमण्यासारखी आहे. नळीला दिलेला विद्युत्‌दाब किलोव्होल्टमध्ये आणि नळीतून गेलेला प्रवाह गुणिले वेळ मिलिअँपिअर-सेकंदामध्ये तंत्रज्ञ स्वतःच निवडत असतो. त्या यंत्राची क्षमता आधी एकदा आयनीकरण कक्षाने मोजून ठेवावी लागते. समजा ८० किलोव्होल्टला, नळीपासून एक मीटर अंतरावर, दर मिलिअँपिअर-सेकंदाला ०.०६ मिलिग्रे मिळतात. अकलोलीहून आलेल्या एखाद्या प्रौढ माणसाचा छातीचा फोटो ७० किलोव्होल्ट आणि १० मिलिअँपिअर-सेकंदावर, पाठ नळीकडे करून आणि फिल्म सहा फुटांवर ठेवून काढला, तर नळी ते पाठ हे अंतर सुमारे १५५ सेंटिमीटर येते. किरणांचे उत्पन्न विद्युत्‌दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात धरले जाते, म्हणून ०.०६ ला सत्तर भागिले ऐंशीच्या वर्गाने गुणायचे, दहाने गुणायचे, आणि अंतर वाढले की मात्रा अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते म्हणून शंभर भागिले एकशे पंचावन्नच्या वर्गाने पुन्हा गुणायचे. उत्तर ०.१९ च्या आसपास येते. याशिवाय शरीरात शिरलेले काही किरण विखरून पुन्हा पाठीच्या त्वचेकडे परततात, त्यांचे सुमारे १.३५ हे गुणक लावले की त्वचेला मिळालेली मात्रा ०.२६ मिलिग्रे ठरते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९९६ च्या आपल्या मूलभूत सुरक्षा मानकांत छातीच्या अशा फोटोसाठी ०.४ मिलिग्रे ही मार्गदर्शक पातळी दिली आहे, तेव्हा हा फोटो समाधानकारक म्हणायचा; मात्र त्याच माणसासाठी केवळ सवयीने २० मिलिअँपिअर-सेकंद लावले तर मात्रा दुप्पट होऊन ती पातळी ओलांडते. त्याच मानकात कमरेच्या मणक्याच्या बाजूने घेतलेल्या फोटोची पातळी ३० मिलिग्रे आहे, म्हणजे छातीच्या पंचाहत्तर पट, आणि कंबरदुखीसाठी वारंवार फोटो काढण्याचा प्रघात या आकड्याच्या उजेडात पाहिला पाहिजे. या पातळ्या पाहण्यांतील आकड्यांच्या सुमारे पाऊण भागाच्या रेषेवर ठरवल्या जातात. एखाद्या केंद्राची सरासरी तिच्या वर गेली तर रुग्णाला दोष नसतो, यंत्राची आणि पद्धतीची तपासणी करायची असते.

दुसरी रीत प्रत्यक्ष मोजणीची, आणि येथे ट्रॉम्बेच्या चकत्या पुन्हा येतात, पण एका अडचणीसह. कॅल्शियम सल्फेट शरीराच्या मऊ पेशींपेक्षा जड अणूंचे असल्याने निदानाच्या कमी ऊर्जेच्या किरणांना ते सुमारे दहापट अधिक प्रतिसाद देते. बिल्ल्यात धातूच्या आच्छादनाने ही चूक सावरता येते, पण रुग्णाच्या अंगावर धातू लावला तर त्याची सावली फोटोत उमटते. म्हणून रुग्णासाठी लिथियम फ्लोराइडच्या, जेमतेम तीन मिलिमीटर चौरस आणि एक मिलिमीटरपेक्षा कमी जाडीच्या वड्या पातळ पिशवीत घालून किरणांच्या मध्यभागी त्वचेवर चिकटवतात. भाभा केंद्रातील सुपे, अय्यर, सासणे, सावंत आणि शिर्वा यांनी भारतातील निदानाच्या क्ष-किरणांतून रुग्णाला मिळणाऱ्या मात्रांचा अंदाज आणि त्याचे महत्त्व १९९२ मध्ये ‘रेडिएशन प्रोटेक्शन डोसिमेट्री’ या नियतकालिकात मांडले. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या आणि मुंबईच्या अणुशक्तीनगरात मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कामाशी निगडित सोनवणे, शिर्वा आणि प्रधान यांनी २०१० मध्ये त्याच नियतकालिकात त्वचेवरील मात्रांच्या आधारे भारतासाठी संदर्भ पातळ्या सुचवल्या, आणि पुढच्याच वर्षी सोनवणे व सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या फोटोंसाठीही तशा पातळ्या प्रस्तावित केल्या. मुलांसाठीचे हे काम विशेष मोलाचे आहे, कारण मोठ्यांसाठी बसवलेल्या आकड्यांवरच लहान मुलाचा फोटो काढणे हा रोजच्या व्यवहारातील सर्वांत सहज घडणारा दोष आहे, आणि वाढत्या शरीराच्या पेशी किरणांना अधिक हळव्या असतात.

भारतीय पातळ्या स्वतंत्रपणे ठरवाव्या लागतात, यालाही कारण आहे. युरोपातील तक्ते सुमारे ७० किलो वजनाच्या प्रौढावर बेतलेले असतात, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आहाराच्या शिफारशींसाठी दीर्घकाळ ६० किलोचा पुरुष प्रमाण मानला. छाती पातळ असेल तर कमी किरणांत फोटो येतो, आणि परदेशी तक्ता जसाच्या तसा वापरला तर उगाच जास्त किरण जातात. त्यात वीजपुरवठ्याचा प्रश्न होता. विद्युत्‌दाब खाली आला की जुन्या यंत्रांतील किरणांचे उत्पन्न पडे, फोटो फिका येई, आणि तो पुन्हा काढावा लागे. डेव्हलपरचे द्रावण जुने झाले तर त्याचा अशक्तपणा भरून काढण्यासाठी तंत्रज्ञ किरण वाढवत. तरीही फिल्मच्या काळात एक रक्षण होते: किरण जास्त झाले की फिल्म काळी पडे आणि चूक सर्वांना दिसे. संगणकीय प्रतिमांमध्ये हे रक्षण गेले, कारण किरण दुप्पट झाले तरी यंत्र उजेड सारखा करून देते आणि प्रतिमेतील खरखर कमी झाल्याने ती उलट अधिक सुबक दिसते. त्यामुळे कोणाच्याही लक्षात न येता मात्रा चढत जाते. हा धोका ओळखून २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाने प्रत्येक प्रतिमेसोबत प्रतिमा टिपणाऱ्या संवेदकावर किती किरण पोहोचले याचा निर्देशांक देण्याची रीत घालून दिली, आणि अनेक नव्या यंत्रांच्या नळीच्या तोंडाशी असलेला पारदर्शक आयनीकरण कक्ष मात्रा आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार मोजून ठेवतो. किरणांचे क्षेत्र आकुंचित केले की हा गुणाकार लगेच घटतो, म्हणून अनावश्यक भाग झाकण्याच्या सवयीचे मोल तो अंकात दाखवतो.

त्वचेवरील मात्रेवरून आतल्या अवयवांची मात्रा काढण्यासाठी गणिती मानवप्रतिकृती वापरतात. किरणांचे कोट्यवधी काल्पनिक कण एकामागून एक शरीरात सोडून कोणता कोठे थांबला याचा हिशेब संगणक ठेवतो. या हिशेबाने वरील छातीच्या फोटोची परिणामी मात्रा सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट येते. माणसाला निसर्गातून जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, तेव्हा हा फोटो निसर्गाच्या सुमारे तीन दिवसांच्या बरोबरीचा ठरतो, तर पोटाच्या सीटी स्कॅनची मात्रा अनेक वर्षांच्या नैसर्गिक हिश्शाइतकी होते. या २.४ मधील निम्म्याहून अधिक भाग श्वासातून जाणाऱ्या रेडॉनचा आणि त्याच्या उपजांचा असतो. टुवाच्या झऱ्यांतून पाणी घेऊन फादर स्टाइखेन जो वायू मोजत होते, तो हाच. आज फोटो काढून परतणाऱ्या रुग्णाच्या हाती जे पाकीट येते, त्यावर नाव, वय, तारीख आणि फोटोचा प्रकार असतो. किलोव्होल्ट, मिलिअँपिअर-सेकंद आणि मात्रा-क्षेत्रफळाचा गुणाकार हे आकडे, जेथे यंत्र नवे आहे तेथे, प्रतिमेच्या संगणकीय फाइलमध्ये तिच्या मथळ्याच्या नोंदींत लिहिलेले असतात, आणि फाइल उघडून पाहणाऱ्याला ते आजही वाचता येतात.